मिनेसोटाच्या बर्फावर मासे धरायला जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

हे पत्र ट्विन सिटीज आणि आसपासच्या त्या सगळ्यांना आहे जे तळी गोठली की ऑगर (बर्फात भोक पाडायचं यंत्र), हीटर, बादल्या आणि पॉप-अप शेल्टर, म्हणजे बर्फावर उभारायचा तंबू, गाडीत कोंबून निघतात, आणि खास करून त्यांना ज्यांना वाटतं की एवढ्या थंडीत, एवढ्या मोठ्या तळ्याच्या मधोमध आपल्याला कोण विचारायला येणार. येतात हो. स्नोमोबिलवरून येतात, पिकअपमधून येतात, कधी लांब गाडी लावून चालतही येतात. ते कॉन्झर्व्हेशन ऑफिसर असतात, डीएनआरचे, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याचे, आणि ते वॉचमन किंवा तिकीट चेकर नाहीत, पूर्ण अधिकार असलेले पोलीसच आहेत, फक्त त्यांचं मुख्य काम जंगलात आणि पाण्यावर.

लिहायला बसलो त्याचं कारण आपल्याच ओळखीतल्या एका कुटुंबाचं गेल्या सीझनमध्ये जे झालं ते. नावं सांगत नाही, सांगायची गरजही नाही. वडील पुण्याहून आले होते, मुलाने हौसेने बर्फावर नेलं, भोक पाडून दिलं, गळ हातात दिला. ऑफिसर आला, त्याने प्रत्येकाचं फिशिंग लायसन मागितलं. वडिलांचं नव्हतं. इथवर साधी गोष्ट होती. पण मुलगा घाबरून म्हणाला की बाबा नुसते बघतायत, आणि वडिलांच्या हातात तर रॉड. मग शेजारच्या शेल्टरमधले आपलेच एक गृहस्थ मदत म्हणून आले आणि हसत हसत बोलले की सर, इथल्या इथे काही करता येईल का, वी कॅन टेक केअर ऑफ इट. ऑफिसरने ते कानाआड केलं, म्हणून ते सुटले. ही सुटका आहे हे त्यांना आजही पटलेलं नाही, आणि मला झोप लागत नाही ती त्या वाक्यामुळे, लायसनमुळे नाही.

मिनेसोटात पब्लिक ऑफिसरला पैसे किंवा काही फायदा देऊ करणं ही फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे, १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्याच्यासाठी थोडाफार दंड झाला असता त्याच्यासाठी व्हिसा, ग्रीन कार्ड, नोकरी, मुलांची शाळा सगळं पणाला लावायचं? आपण नाक्यावरच्या हवालदाराशी जसं वागत मोठे झालो ती सवय अंगात असते, ते मी समजू शकतो, गाडी अडवली की आधी खिशाकडे हात जातो किंवा मग ओळखीचा कोणी साहेब आठवतो. ती सवय विमानतळावर सोडून यायला हवी होती. दुसरी सवय म्हणजे नुसती भीती, वर्दी दिसली की काहीही बोलायचं, काहीही कबूल करायचं, काहीही सही करायची. दोन्ही सवयींचं मूळ एकच आहे, कायदा नेमका काय म्हणतो ते आपल्याला माहीत नसतं. म्हणून मला जेवढं माहीत आहे तेवढं इथे लिहितोय, आणि वाचून झाल्यावर प्रत्येकाने डीएनआरचं फिशिंगचं पुस्तक एकदा स्वतः उघडून बघा कारण नियम दरवर्षी थोडे हलतात.

आधी शेल्टर. आपल्यात सगळ्यात मोठा गैरसमज हा की पोर्टेबल शेल्टरला लायसन लागतच नाही. लागतं, फक्त तुम्ही ते सोडून गेलात तर. सोडून जाणं म्हणजे घरी जाणं असं नाही, तुम्ही शेल्टरपासून २०० फुटांपेक्षा लांब गेलात की ते सोडून गेलेलं धरलं जातं. आता मिल लॅक्ससारख्या तळ्यावर २०० फूट म्हणजे काहीच नाही, दुसऱ्या ग्रुपकडे चहाला गेलात, गाडीतून पोरांचे मोजे आणायला गेलात, की झालं. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, पोर्टेबल असो की चाकांचं व्हील हाउस असो, लायसन काढून टाका. रहिवाशाला स्वतःच्या शेल्टरचं वर्षाचं लायसन १६ डॉलरच्या आसपास पडतं, तीन वर्षांचं ४३ च्या आसपास. एका वेळच्या आमिषाचा आणि पेट्रोलचा खर्च याच्यापेक्षा जास्त होतो. आणि हे शेल्टरचं लायसन म्हणजे मासे धरायचं लायसन नव्हे, ती दोन वेगळी आहेत, हेही दरवर्षी कोणाला तरी नव्याने कळतं.

मग ओळख. रात्रभर बर्फावर राहणार असेल त्या शेल्टरवर बाहेरच्या बाजूला मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता, किंवा ड्रायव्हर्स लायसन नंबर, किंवा डीएनआरने दिलेला नंबर, यातलं काहीतरी एक ठळक लिहिलेलं पाहिजे आणि अक्षरं किमान २ इंच उंच. यात मी म्हणेन डीएनआरचा नंबरच लिहा. एक तर आपली नावं आणि आडनावं लांब, दोन इंची अक्षरात ती अर्धी भिंत व्यापतात, आणि दुसरं म्हणजे घरचा पत्ता तळ्यावर सगळ्या जगाला दाखवायची काय गरज, घर रिकामं आहे अशी जाहिरातच ती. मार्करने लिहू नका, नायलॉनवर बर्फाच्या कणांनी घासून दोन आठवड्यांत पुसट होतं आणि मग पुसट अक्षर म्हणजे न लिहिल्यासारखंच. एका फळीवर पेंटने लिहा, फळी बांधा.

सूर्यास्तानंतर शेल्टर बर्फावर असेल तर प्रत्येक बाजूला किमान २ चौरस इंच रिफ्लेक्टिव्ह पट्टी. हा नियम काही लोकांना किरकोळ वाटतो. रात्री स्नोमोबिल किती वेगाने जातात ते ज्याने पाहिलंय त्याला वाटणार नाही. काळं शेल्टर, आत पोरं झोपलेली, बाहेर उडणारा बर्फ, चालवणाऱ्याला दिसणारच नाही. दार असं पाहिजे की आत माणसं असताना बाहेरून उघडता येईल, आतून कडी घालून झोपायचं नाही, कारण प्रोपेनच्या हीटरने कार्बन मोनॉक्साइड साठला तर आतल्या माणसाला उठून कडी काढायची शक्ती राहत नाही, बाहेरच्यालाच दार उघडावं लागतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हा कोणी तपासो न तपासो, घ्याच. आणि दुसऱ्याच्या शेल्टरपासून १० फुटांच्या आत आपलं उभं करायचं नाही. आपल्या लोकांना चाळीसारखं एकाला एक लावून बसायला आवडतं, गप्पा मारता येतात, पण आपापसात चालत असलं तरी अनोळखी माणसाच्या शेजारी जाऊन खेटू नका, मग तो तक्रार करतो आणि त्याचं बरोबर असतं.

आता तारखा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. राज्याच्या दक्षिण भागात शेल्टर मार्चच्या पहिल्या सोमवारी रात्री ११:५९ पर्यंत उचलायचं, उत्तर भागात तिसऱ्या सोमवारी. मधली रेघ साधारण यूएस हायवे १०, मग ३४, मग २००, मग यूएस २ अशी पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. मिल लॅक्स दक्षिणेत येतं, अपर रेड लेक उत्तरेत. आणि सीमेवरची पाणी वेगळी, विस्कॉन्सिनच्या हद्दीवर १ मार्च, आयोवाच्या २० फेब्रुवारी, दोन्ही डाकोटांच्या ५ मार्च, कॅनडाच्या ३१ मार्च. तारखेनंतर मासे धरायचे नाहीत असं नाही, शेल्टर नेऊन दिवसा बसा, पण मध्यरात्रीपासून सूर्योदयाच्या एक तास आधीपर्यंत ते बर्फावर असेल तर आत माणूस पाहिजे. रिकामं सापडलं तर केस होते आणि शेल्टर आतल्या सामानासकट जप्त होऊ शकतं, किंवा तिथल्या तिथे नष्टही केलं जाऊ शकतं. उचलून बोट लावायच्या पब्लिक अॅक्सेसवर ठेवून दिलं, पुढच्या वीकेंडला नेऊ, हेही चालत नाही.

शेवटच्या आठवड्यावर सोडू नका असं मी दरवर्षी का ओरडतो त्याला कारण आहे. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन लागलं की शेल्टरच्या खालचा बर्फ वितळतो, रात्री परत गोठतो, आणि तळ बर्फात रुतून बसतो. वर बर्फाचे थर पडले असतील तर त्या वजनाने पाणी वर येऊन चिखलासारखा स्लश होतो आणि त्यात पिकअपसुद्धा अडकतो. म्हणून चाकांच्या शेल्टरखाली लाकडी ठोकळे लावतात, आणि निघताना ते ठोकळे गोठलेले असतात म्हणून तिथेच सोडून देतात. ते ठोकळे एप्रिलमध्ये तरंगत राहतात आणि मे महिन्यात कोणाच्या तरी बोटीच्या प्रोपेलरला लागतात. कुऱ्हाड घेऊन जा, फोडून काढा, घरी आणा.

कचऱ्याचंही तेच. २०२३ मध्ये कायदा झाला की बर्फावरचा सगळा कचरा आणि शौचाची घाणसुद्धा बंद डब्यात किंवा पिशवीत ठेवायची, बर्फावर टाकायची नाही, टाकलीत तर १०० डॉलरचं सायटेशन, म्हणजे दंडाची चिठ्ठी. यामागे लेक ऑफ द वूड्सकडच्या स्थानिक लोकांची कित्येक वर्षांची ‘कीप इट क्लीन’ मोहीम होती, सरकारने वरून लादलेला हा नियम नाही, तळ्याकाठी राहणाऱ्यांनी मागून घेतलेला आहे. आपल्यातल्या कोकणातल्या लोकांना मी काय सांगायचं, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बंदरात होड्या ओढून ठेवलेल्या तुम्ही लहानपणापासून बघताय, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कोळी समुद्रात जात नाही. पाणी जपायचं म्हणजे काय हे आपल्याला नव्याने शिकायचं नाहीये, इथे आल्यावर फक्त विसरायचं नाहीये.

आता ऑफिसर दाराशी आला तर काय, कारण खरा मुद्दा तो.

दोन गोष्टी तो मागू शकतो आणि तुम्ही दाखवायच्याच, लायसन आणि मासे. लायसन दाखवायला नकार देणं किंवा मासे बघू न देणं हा स्वतःच वेगळा गुन्हा आहे. २००३ मध्ये मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टाने एका बोटीच्या केसमध्ये हे स्पष्ट केलं, उघड्या बोटीत किंवा गाडीत जिथे मासे नेले जातात तिथे ऑफिसर बघायला मागतो तेव्हा माझी प्रायव्हसी म्हणून अडवता येत नाही. त्यामुळे बादली, कूलर, स्लेज, विचारलं की उघडा. किती गळ टाकलेत तेही तो मोजेल, बर्फातून मासे धरताना एका माणसाला दोन, आणि टिप-अप, म्हणजे मासा लागला की झेंडा वर करणारा गळ, लावला असेल तर तुम्ही त्याच्या २०० फुटांच्या आत असायला हवं.

पण शेल्टरच्या आत यायचं असेल तर ती गोष्ट वेगळी. २००२ मध्ये याच कोर्टाने निकाल दिला की फिश हाउसमध्ये, म्हणजे अशाच शेल्टरमध्ये, माणसाला प्रायव्हसीचा हक्क आहे, परवानगी नाही, वॉरंट नाही, संशयाला काही कारण नाही, तर ऑफिसरने नुसतं तपासणी म्हणून आत शिरणं हे राज्यघटनेविरुद्ध आहे. लोक तिथे झोपतात, जेवतात, कपडे बदलतात, ते काही उघडं मैदान नाही. कोणी संकटात आहे किंवा आतून ओरडण्याचा आवाज आला तर तो अर्थातच शिरेल आणि शिरायलाच हवं. एरवी तो दार वाजवून विचारेल, मे आय कम इन. हा खरोखरचा प्रश्न आहे, हुकूम नाही. हो म्हणा नाहीतर शांतपणे म्हणा की थांबा सर, मी बाहेर येतो लायसन घेऊन. दोन्ही उत्तरं कायदेशीर आहेत आणि दुसरं उत्तर दिल्याने तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. मी स्वतः बाहेर येतो. आत लहान मुलं असतात, हीटर चालू असतो, जागा नसते, बाहेर उभं राहून बोलणं दोघांना सोपं जातं. एक मात्र करा, मासा साफ करत असाल तर सुरी आधी खाली ठेवा, हात दिसतील असे ठेवा, आणि झिप हळू उघडा. तोही एकटा असतो, शेकडो चौरस मैलांचा भाग एकेकाकडे, आत कोण आहे त्याला माहीत नसतं, जवळपास मदत नसते.

खोटं बोलू नका. खोटं नाव सांगणं वेगळा गुन्हा आहे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, प्रश्न गंभीर व्हायला लागले तर वकिलाशी बोलून उत्तर देईन म्हणा, तेवढा हक्क सगळ्यांना आहे, सिटिझन असो नसो. वाद बर्फावर घालू नका. ऑफिसर चुकला असं वाटत असेल तर त्याचं नाव आणि बॅज नंबर लिहून घ्या, वेळ लिहा, आणि नंतर त्याच्या वरच्यांकडे लेखी तक्रार द्या. आणि सायटेशन मिळालं तर ताबडतोब ऑनलाइन पैसे भरून मोकळं व्हायची घाई करू नका, कारण इथे दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. पेटी मिसडिमीनर, म्हणजे अगदी किरकोळ नियमभंग, हा मिनेसोटात क्राइम धरत नाहीत आणि दंड जास्तीत जास्त ३०० डॉलर, पण फिशिंगचे बरेच नियमभंग त्याच्या वरच्या पायरीवर, मिसडिमीनरमध्ये येतात, तिथे ९० दिवसांपर्यंत कैद कागदावर तरी आहे. एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनी आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, मग भरा. पुढे फॉर्मवर विचारलं तर लपवू नका, लहान दंडापेक्षा लपवाछपवीच जास्त महागात पडते.

याच्याच बाजूला अजून एक. गांजा या राज्यात ऑगस्ट २०२३ पासून २१ वर्षांवरच्यांना चालतो, पण फेडरल कायद्यात चालत नाही आणि इमिग्रेशन फेडरल आहे, तेव्हा व्हिसावर असणाऱ्याने आपल्या शेल्टरमध्ये पाहुण्यांचाही येऊ देऊ नका. आणि दारू पिऊन बर्फावर स्नोमोबिल किंवा गाडी चालवली तर ती डीडब्ल्यूआयच, म्हणजे नशेत गाडी चालवल्याची केस, रस्त्यावरचं ड्रायव्हर्स लायसनही जातं.

आई-बाबा आले असतील त्यांच्यासाठी. शेल्टरमध्ये बसायला, चहा प्यायला, फोटो काढायला लायसन लागत नाही. गळ हातात घेतला की लागतं. बाहेरच्या राज्यातल्या किंवा देशातल्या माणसाला २४ तासांचं, ७२ तासांचं, ७ दिवसांचं असं थोडक्या मुदतीचं लायसन मिळतं, फोनवरून पाच मिनिटांत निघतं, निघायच्या आदल्या रात्री काढा, बर्फावर रेंज असेलच असं नाही. छापून खिशात ठेवा कारण फोन थंडीत बंद पडतो. इथे राहणाऱ्या १६ वर्षांखालच्या मुलांना लायसन लागत नाही. जानेवारीत ‘टेक अ किड आइस फिशिंग’चा वीकेंड असतो, त्यात १५ किंवा त्याहून लहान मुलाला घेऊन जाणाऱ्या इथल्या रहिवाशालाही लायसन लागत नाही, नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तोच धरा.

मासे तिथेच साफ करून फ्राय करायचा आपला जो कार्यक्रम असतो त्याबद्दल सांभाळा. ज्या माशाला लांबीची मर्यादा आहे तो मोजता येईल असा, डोक्याशेपटीसकट ठेवावा लागतो. लगेच शिजवून खायला सूट आहे पण खाल्लेला मासाही तुमच्या मर्यादेत मोजला जातो, पोटात गेला म्हणजे हिशोबातून गेला असं नाही. आणि मर्यादा तळ्यागणिक वेगळी. मिल लॅक्सवरच्या वॉलाय या माशाचा नियम राज्य आणि ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांचे बँड, म्हणजे त्यांचे समाज, मिळून पकडीचं प्रमाण ठरवतात त्यावर अवलंबून असतो, १८३७ च्या तहातला त्यांचा हक्क १९९९ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केला, त्यामुळे तिथे गेल्या वर्षीचा नियम या वर्षी धरून चालू नका. अपर रेड लेकवर तर आणखी जपून, त्या तळ्याचा फक्त पूर्वेकडचा भाग राज्याचा आहे, पश्चिमेकडचं पाणी रेड लेक नेशनचं, म्हणजे तिथल्या ओजिब्वे समाजाचं, तिथे आपलं राज्याचं लायसन चालत नाही. जीपीएसवर हद्द बघा, बर्फावर रेघ मारलेली नसते. त्याच अपर रेडवर डिसेंबर २०२३ मध्ये बर्फाचा तुकडा सुटून १०० हून जास्त लोक अडकले होते आणि त्यांना बाहेर काढणाऱ्यांत हे ऑफिसरही होते, ज्यांना बघून आपण झिप लावून घेतो.

आता मंडळाच्या समितीला आणि ग्रुप अॅडमिनना एक विनंती आहे आणि ती मी मनापासून करतोय. जानेवारीची ट्रिप ठरते तेव्हा बिर्याणी कोण आणणार याची शीट तयार होते, त्याच शीटमध्ये तीन कॉलम वाढवा, प्रत्येकाचं फिशिंग लायसन आहे का, शेल्टरचं लायसन आहे का, नंबर रंगवलाय का. ज्याचं नाही त्याला आदल्या आठवड्यात फोन करा, लाजवू नका, काढून द्या. नोव्हेंबरमध्ये एका रविवारी हॉलवर आपल्या भागातल्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरला बोलावून बघा, आपल्या आयांना आणि पोरांना समोर बसवा, त्यांना जे विचारायचं ते विचारू द्या. ह्मॉंग, सोमाली, कारेन लोकांनी आपापल्या भाषेत नियम मागून घेतले, आपल्याला इंग्लिश येतं म्हणून आपण वाचलेच नाहीत. मराठीत दोन पानं मी तयार करतो, शेल्टर आणि तारखा एका पानावर, ऑफिसरशी बोलणं दुसऱ्यावर, ज्यांना मदत करायची असेल त्यांनी कळवा, विशेषतः कोणी वकील असेल तर दुसरं पान तपासून द्या.

मार्चच्या पहिल्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी मी पिकअप, साखळी आणि दोन कुऱ्हाडी घेऊन मिल लॅक्सला आहे. ज्यांचं शेल्टर रुतलंय त्यांनी आधी मेसेज करा, कोणत्या अॅक्सेसवरून किती आत आहे ते लिहा, सकाळी लवकर या, बर्फ टणक असतो तेव्हाच काढू.

तुमच्यातलाच एक,
ट्विन सिटीज, मिनेसोटा